बाकावर चार इनिंग

प्रिय ताई,

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. वसंतातला बेसबॉल संपल्यावर त्याला गावाच्या समर लीगमध्ये घातलं. टीममध्ये बारा मुलं आहेत. कोच त्याला सहापैकी दोनच इनिंग खेळवतात, त्याही राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या उजव्या कोपऱ्यात. उरलेल्या चार इनिंग तो बाकावर असतो. गेल्या मंगळवारी वेळ संपली म्हणून चारच इनिंग झाल्या आणि हा त्यातली एकच खेळला. कोचचा मुलगा मात्र कधीच बसत नाही. शनिवारी त्याने ६८ पिच (बॅटरकडे टाकलेले चेंडू) टाकले, त्याच सामन्यात नंतर बॅटरमागे कॅचर म्हणून उभा राहिला आणि मंगळवारी पुन्हा पिचिंगला. स्कोअर ठेवणारी बाई आमच्याच मराठी मंडळातली, तिच्या अ‍ॅपवर मी हे पाहिलं.

मंगळवारी माझ्या मिस्टरांचा तोल गेला आणि ते अंपायरवर ओरडले. मराठीत, पण ओरडले. आता म्हणतात, पिचचा आकडा समोरच्या टीमला कळवू, त्यांना प्रोटेस्ट, म्हणजे सामन्यावर अधिकृत हरकत, नोंदवू दे, कोचची चांगली जिरेल. शिवाय शनिवारी एका पाळीत पाचच रनच्या मर्यादेमुळे एक इनिंग एकाच आउटवर संपली, म्हणजे मुलाचे सहा आउटही भरले नाहीत, असा त्यांचा हिशोब. मुलगा म्हणतो, "आई, प्लीज तू काही बोलू नकोस." खरं सांगायचं तर मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे त्याच्या तीन प्रॅक्टिस बुडाल्या आणि जुलैअखेर आम्ही तीन आठवडे भारतात चाललोय. कोचना अजून बोललो नाही. लीगचे नियम सोबत जोडले आहेत. काय करू?

ता. क. धाकटी आठ वर्षांची आहे. तिला पुढच्या वर्षी बेसबॉलच खेळायचाय. नोंदणीच्या टेबलावर सांगितलं, मुलींचं सॉफ्टबॉल पलीकडे.

- बाकाकडे बघत बसलेली आई


प्रिय आई,

तुमच्या पत्रात चार-पाच वेगवेगळी भांडणं आहेत. काहींत नियम सरळ तुमच्या बाजूने आहे, एकात तुमच्या विरुद्ध आहे आणि एकात तुम्ही पडायचं कारणच नाही. तुमच्या मिस्टरांनी ती सगळी एकाच मंगळवारी, एकाच दमात काढली. म्हणून मी आधी जोडलेले कागद वाचले. दोनच पानं आहेत. पहिल्यावर म्हटलंय की गावाने वेगळं काही ठरवलेलं नसेल तिथे लिटल लीगचं, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या मोठ्या संघटनेचं, नियमपुस्तक लागू. दुसरं पान बहुधा कोणी उलटलेलंच नाही. कोचनी नाही आणि तुम्हीही नाही. तुमचं सगळं काम त्या पानावर आहे.

पण पुस्तकापासून सुरुवात करते. लिटल लीगचा किमान सहभागाचा नियम असा की सीझनच्या प्रत्येक सामन्यात प्रत्येक मुलाने फील्डिंगला उभं असताना सहा आउट झाले पाहिजेत आणि त्याला किमान एकदा पूर्ण बॅटिंग मिळाली पाहिजे. बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन आउटला एकीची पाळी, म्हणजे अर्धी इनिंग, संपते; म्हणून सहा आउट म्हणजे साधारण दोन इनिंग. कोचने हा नियम मोडला तर पहिल्या वेळी लेखी ताकीद, दुसऱ्या वेळी पुढच्या सामन्याला बंदी, तिसऱ्या वेळी उरलेला सीझन घरी. ज्या मुलाची संधी बुडाली त्याला पुढच्या सामन्यात पहिल्यापासून उतरवायचं, मागची थकबाकी आधी फेडायची, मग त्या दिवसाचा वाटा. नियम कडक आहे, पण त्यात "किमान" हा शब्द आहे आणि शनिवारी दोन इनिंग खेळवून कोचनी ते किमान गाठलं होतं.

आता मिस्टरांचा एका आउटवर संपलेल्या इनिंगचा हिशोब. तो कागदावर बरोबर दिसतो, पण पुस्तकवाल्यांना ही पळवाट आधीच सुचलेली आहे. रनची मर्यादा लागून अर्धी इनिंग संपली, तर ती अख्खी अर्धी इनिंग मैदानावर असलेल्या मुलाच्या खात्यात तीन आउट धरायचे, असं तिथे लिहिलंय. त्यामुळे हा मुद्दा कृपा करून कुठेही काढू नका. पहिल्याच वाक्यात तोंडघशी पडलात की पुढची खरी तक्रार कोणी कान देऊन ऐकत नाही.

खरी तक्रार दुसऱ्या पानावर आहे. तिथे दोन ओळी आहेत. एक: कुठलंही मूल सलग दोन इनिंग बसणार नाही. दोन: चौथी इनिंग संपेपर्यंत प्रत्येक मुलाला किमान एक इनिंग इन्फील्डमध्ये (बेसच्या आसपासच्या जागी) मिळेल. तुमचा मुलगा सहापैकी चार इनिंग बसतो. आता कागदावर सहा चौकोन काढा आणि त्यात चार "बाक" असे भरून दाखवा की कुठलेही दोन शेजारी येणार नाहीत. भरता येत नाहीत. सहात जास्तीत जास्त तीन बसतात. म्हणजे चार इनिंग बसवलं की नियम मोडलाच, मग लाइनअप कसाही लावा. आणि इन्फील्डचं तर बोलायलाच नको, तुमच्या पत्राप्रमाणे तो फक्त राइट फील्डला असतो. इथे "मला वाटतं", "आमच्यावर अन्याय होतो" असं काहीही म्हणायची गरज नाही. कागद बोलतोय.

अजून एक हिशोब करा, तो मीटिंगमध्ये फार उपयोगी पडेल. बारा मुलं, मैदानावर नऊ, म्हणजे दर इनिंगला बाकावर तिघं. सहा इनिंगच्या सामन्यात बाकाच्या जागा झाल्या अठरा. बारा मुलांत वाटल्या तर सहा जण एकदा बसतात, सहा जण दोनदा, आणि तिसऱ्यांदा बसायची पाळी कोणावरच येत नाही. तुमच्या मुलाच्या वाट्याला चार आल्या. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याच्या त्याने भरल्या. सामना मंगळवारसारखा चार इनिंगमध्ये आटोपला तर हिशोब अजूनच साफ: बाकाच्या जागा बारा, मुलं बारा, प्रत्येक जण एकदाच बसेल. मंगळवारी तो तीनदा बसला.

मंगळवारचं नेमकं काय झालं असावं ते सांगते, कारण संध्याकाळी सहाला सुरू होणाऱ्या उन्हाळी सामन्यांत हे नेहमी होतं. कोच आपले भरवशाचे नऊ पहिल्या तीन इनिंगला लावतात आणि बाकीच्या मुलांना "चौथ्या-पाचव्याला घेऊ" असं मनात ठेवतात. पण ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही असा नियम असतो. अकरा वर्षांची मुलं, वॉकवर वॉक (पिच बाहेर जात राहिले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर), मधेच कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली, कोणाचं हेल्मेट सापडत नाही. पाचवी इनिंग येतच नाही. कोचच्या डोक्यात तुमचा मुलगा दोन इनिंग खेळणार होता, प्रत्यक्षात एक खेळला. सामना असा आखूड झाला की पुस्तकही कोचला शिक्षा करताना हात आखडता घेतं, त्यामुळे त्या दिवसावर ताकीद वगैरे मागत बसू नका. मागायचं ते एवढंच: ज्यांना कमी इनिंग मिळतात त्यांचा वाटा पहिल्या तीन इनिंगमध्ये द्या. भरवशाच्या मुलांना शेवटी जागा मिळणारच असते.

कोच दुष्टच असतील असं मी मानत नाही. हे लोक बिनपगारी असतात, ऑफिसातून थेट येतात, गाडीच्या डिकीत बॅटांची पिशवी, चुन्याने रेघा आखायचं यंत्र, पाण्याचा पिंप. नियमांची उजळणी मार्चमध्ये होते आणि समर लीगची दोन पानं जूनमध्ये ईमेलने येतात. त्यांना फक्त सहा आउट माहीत असतील, तेवढे भरले की आपण निर्दोष, असा त्यांचा समज असू शकतो. दुसरीकडे, वडील कोच आणि मुलगा कायमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) किंवा पिचर, हा प्रकार अमेरिकेत इतका सार्वत्रिक आहे की त्याला "डॅडी बॉल" असं नावच पडलंय. तुमच्या टीममध्ये यातलं काय चालू आहे ते मला इथून दिसत नाही आणि ते ठरवल्याशिवायही तुमचं काम अडत नाही. हेतूवर बोट ठेवलंत की कोच हेतूचा बचाव करत बसतील. दुसऱ्या पानावर बोट ठेवा.

राइट फील्डचं मात्र वेगळं. मुलाला कुठे उभं करायचं, बॅटिंगच्या क्रमात कुठे ठेवायचं, हा त्या एका इन्फील्ड इनिंगपलीकडे कोचचा अधिकार. त्यावर पालकाने बोलू नये, आणि मी तर म्हणेन मनातही खंत धरू नये. या वयात बरीचशी मुलं उजव्या हाताने खेळतात, त्यांचे फटके डाव्या बाजूला जास्त जातात, म्हणून राइट फील्डला कच्चं मूल ठेवायची पद्धत पडली हे खरं. पण राइट फील्डरला काम नसतं हे साफ खोटं. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला की राइट फील्डरने पहिल्या बेसच्या मागे पळत सुटायचं असतं, दर वेळी, कारण अकरा वर्षांच्या मुलांचे थ्रो कुठे जातील ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. दहातले आठ वेळा पळणं फुकट जातं. ज्या दोनदा चेंडू फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून जातो, तेव्हा मागे कोणी उभं असलं तर एक बेस वाचतो, नसलं तर धावणारा थेट तिसऱ्यावर. शिवाय या मुलांच्या मैदानावर बेसमधलं अंतर ६० फूटच असतं. जोरात आलेला फटका राइट फील्डरने पुढे येऊन उचलला आणि सरळ पहिल्या बेसवर फेकला तर बॅटर आउट होऊ शकतो. क्रिकेट खेळून आलेल्या बापाला ही गोष्ट मुलाला शिकवायला अर्धा तास पुरेल, आणि ओरडण्यापेक्षा तो अर्धा तास बरा जाईल.

आता पिचचं. ही तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे आणि नेमकी तिचाच तुमच्या घरात डाव म्हणून विचार चाललाय. लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ पिचची मर्यादा आहे, त्यामुळे शनिवारचे ६८ मर्यादेतच होते. प्रश्न त्यानंतरचा. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा त्याहून जास्त पिच टाकले की पूर्ण चार दिवस विश्रांती द्यायची असते. ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. शनिवारी ६८ म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार सुट्टी आणि गुरुवारी पुन्हा पिचिंग. त्याला मंगळवारी उतरवलं. शिवाय ४१ किंवा त्याहून जास्त पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा कॅचर करता येत नाही, कारण कॅचरही दर पिचला चेंडू परत फेकत असतो. शनिवारी तेही झालं. चार दिवसांत दोन नियम मोडले गेले आणि दोन्ही वेळा हात एकाच मुलाचा.

हे नियम सामना रंगावा म्हणून केलेले नाहीत. २००६ पर्यंत लिटल लीग पिचरच्या इनिंग मोजत असे. मग लक्षात आलं की एक इनिंग आठ पिचमध्येही संपते आणि पस्तीसमध्येही, म्हणून पिच मोजायला लागले. या वयात कोपराच्या हाडांची वाढ व्हायची असते आणि सारखा ताण पडतो तो नेमका वाढीच्या जागेवर. डॉक्टर या दुखण्याला "लिटल लीगर्स एल्बो" म्हणतात, म्हणजे किती मुलांना होत असेल बघा. मूल सांगतही नाही. वडीलच कोच असतील तर मुळीच सांगत नाही.

समोरच्या टीमला कळवायची कल्पना सोडून द्या. एक तर मंगळवारचा सामना गेला. अपात्र पिचरबद्दलचा प्रोटेस्ट अंपायर मैदान सोडायच्या आत नोंदवावा लागतो, तोही टीमच्या मॅनेजरने. पालकांना तो अधिकार नाही. म्हणजे मिस्टरांचा बेत पुढच्या वेळी दबा धरून बसण्याचा आहे: कोचचा मुलगा पुन्हा थकलेल्या हाताने पिचिंगला येईल, तेव्हा आपण समोरच्यांच्या कानात सांगू. त्याचा सरळ अर्थ असा की एका अकरा वर्षांच्या पोराच्या कोपराला अजून एकदा ताण पडावा याची तुम्ही वाट बघणार, आणि वर तुमच्याच मुलाची टीम हरणार. स्कोअर ठेवणारी मैत्रीण विनाकारण अडकेल ते वेगळंच. आकडे तिच्या फोनमधून गेले हे कळायला कोणाला वेळ लागणार आहे? गणपतीत तुम्हाला तिच्या शेजारी बसून आरती म्हणायची आहे.

त्याऐवजी तिलाच सांगा की तू बोल. स्कोअर ठेवणाऱ्याने इनिंग संपताना "कोच, याचे ४० झाले, अजून एक टाकला तर आज कॅचिंग नाही" असं म्हणणं हे त्या कामाचाच भाग आहे, त्यात चुगली नाही. आणि मंगळवारी घडलं ते लीगच्या सेफ्टी ऑफिसरला आजच कळवा. वेगळ्या ईमेलने, तुमच्या मुलाचं नावही न काढता. तारखा आणि आकडे, बस. तुमची बाकाची तक्रार आणि हे एकाच ईमेलमध्ये घातलंत तर हे सूड वाटेल, आणि ज्याचा हात आहे त्या मुलाचं काम होणार नाही.

अंपायरचं एका परिच्छेदात संपवते. चेंडू स्ट्राइक होता की बॉल, धावणारा आउट की सेफ, हा अंपायरच्या नजरेचा निर्णय. त्यावर नियमातही प्रोटेस्ट होत नाही. समर लीगला अंपायर बहुतेक वेळा हायस्कूलची मुलं असतात, सामन्यामागे थोडे डॉलर मिळवणारी. तुमचाही असाच कोणी पंधरा-सोळा वर्षांचा असणार. मिस्टर मराठीत ओरडले म्हणून त्याला कळलं नाही असं समजू नका; सूर कळतो, आणि मध्य न्यू जर्सीत बाकांवर बसलेल्या निम्म्या लोकांना शब्दही कळले असतील. पुढच्या सामन्याआधी मिस्टरांनी त्या मुलाकडे जाऊन हात पुढे करावा आणि सॉरी म्हणावं. तुमच्या मुलादेखत. "पण" हा शब्द न वापरता.

आता तुमच्याकडे येते. तीन प्रॅक्टिस बुडवल्या, कळवलं नाही. तीन आठवडे भारतात जाणार, तेही सांगितलेलं नाही. मराठी शाळेचं स्नेहसंमेलन महत्त्वाचं आहे, मी त्यातल्या नाटुकल्यांची पहिली रसिक आहे. पण कोचच्या बाजूने बघा. प्रॅक्टिसला न आलेलं मूल कटऑफच्या वेळी, म्हणजे लांबून येणारा थ्रो मधे घेताना, कुठे उभं राहायचं ते शिकलेलं नसतं, कोच त्याला बिचकत बिचकत मैदानावर पाठवतो, आणि बिचकणारा कोच मुलाला राइट फील्डलाच पाठवतो. जुलैअखेर बारातले तीन-चार जण सुट्टीवर गेले की नऊ जमवताना तोंडाला फेस येतो. नऊ नसले तर सामना उभा राहत नाही आणि बाकीची आठ मुलं गणवेश घालून घरी जातात. त्यांचाही खेळायचा हक्कच बुडाला ना? तुमच्या दोन पानांत असंही लिहिलंय की प्रॅक्टिस बुडवणाऱ्याची खेळण्याची वेळ कोच कमी करू शकतात, मात्र सामन्याआधी पालकांना आणि प्लेयर एजंटला (लीगमध्ये मुलांच्या हक्कांचं बघणारा पदाधिकारी) सांगून. कोचनी तसं सांगितलं नाही, म्हणून ती ढाल त्यांना मिळणार नाही. पण ती ओळ तिथे आहे, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी ती वाचून दाखवणार. त्याआधी तुम्हीच भारतात जायच्या तारखा कळवून टाका. आज रात्री.

मुलगा म्हणतो बोलू नकोस. त्याचं अर्धं ऐका. पहिला प्रश्न त्यालाच विचारू दे, प्रॅक्टिस संपल्यावर, पिशवी उचलताना: "कोच, मला सेकंड बेसला एक इनिंग खेळायचीय, त्यासाठी मी काय करू?" तक्रार नाही, मागणी आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाला ती करता येते. घरी दोनदा म्हणवून घ्या, नाहीतर ऐन वेळी तोंडातल्या तोंडात पुटपुटेल. बऱ्याच कोचना पालकांचा ईमेल वाचून राग येतो, पण मुलाने असं विचारलं की ते दहा मिनिटं ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे फटके) मारत बसतात. तो नाही म्हणाला तर जबरदस्ती नको. नियमाचं बोलणं मात्र मोठ्यांचं काम आहे, ते त्याच्या खांद्यावर टाकू नका, आणि त्याला तसं सांगाही: खेळाचं तू बोल, नियमाचं मी बोलते, आणि सगळ्यांसमोर बोलणार नाही.

तुमचं बोलणं असं. सामन्याच्या दिवशी नाही. एक रात्र मधे जाऊ द्या, अनेक लीगमध्ये चोवीस तासांचा हा संकेत असतोच. कोचना छोटा ईमेल, साधारण या अर्थाचा: "आम्ही २५ जुलैपासून तीन आठवडे भारतात असू, आधी कळवायला हवं होतं. बुडालेल्या प्रॅक्टिसबद्दलही सॉरी. एक विचारायचं होतं. लीगच्या दुसऱ्या पानावर सलग दोन इनिंग न बसवण्याचा आणि चौथ्या इनिंगपर्यंत एक इनिंग इन्फील्डचा नियम आहे. शनिवारी आणि मंगळवारी आमच्या मुलाच्या बाबतीत तसं झालं नाही. पुढच्या सामन्यापासून जमेल का? लाइनअपचा तक्ता करायला मदत लागली तर आम्ही करू." तारीख तुमची घाला. दुसऱ्या कुठल्याही मुलाचं नाव, विशेषतः कोचच्या मुलाचं, यात येता कामा नये.

शेवटचं वाक्य मी उगाच घातलेलं नाही. डगआउटच्या (टीमच्या बसायच्या जागेच्या) जाळीला चिकटपट्टीने डकवलेला लाइनअपचा कागद तुम्ही पाहिला असेल: बारा नावं, त्यापुढे खाडाखोड. कोच तो बऱ्याचदा पार्किंगमध्ये, बॉनेटवर ठेवून लिहितात. मिस्टर दिवसभर एक्सेल उघडून बसत असतील तर त्यांना सांगा: डावीकडे बारा नावं, वर एक ते सहा इनिंग, प्रत्येक उभ्या रकान्यात तीनच "बाक", आणि प्रत्येक आडव्या ओळीत एक किंवा दोन "बाक", पण शेजारी शेजारी नाहीत. पंधरा मिनिटांचं काम आहे. असा तक्ता हातात आला की कोचना कोणाची बाजू घ्यावी लागत नाही, आणि त्यांचा मुलगाही आपोआप एकदा बसतो. त्याच्या हाताला ते बरंच आहे.

दोन सामन्यांत फरक दिसला नाही तर प्लेयर एजंटला लिहा. प्रत्येक स्थानिक लिटल लीगच्या मंडळात हे पद असतं. टीम वाटप आणि मुलांच्या हक्काचे प्रश्न त्याच्याकडे जातात, आणि ज्या वयोगटाची जबाबदारी त्याच्याकडे असते त्यात त्याला स्वतः कोच होता येत नाही, हे त्यातलं शहाणपण. तुमच्या समर लीगच्या कागदावर त्याचा ईमेल तळाशी दिलेला आहे. त्याला कोचबद्दलचं मत नको; तारीख, सामना, तुमचा मुलगा कुठली इनिंग खेळला आणि कुठली बसला, एवढा तक्ता द्या. तुमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातला एक शब्दही टाकू नका.

राहिली धाकटी. टेबलावरच्या माणसाने चुकीचं सांगितलं, बहुधा सवयीने. मुलींना लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळायची पूर्ण मुभा आहे, १९७४ पासून, आणि ती मिळवून दिली तुमच्याच राज्याने. १९७२ साली होबोकनमध्ये मारिया पेपे नावाची मुलगी लिटल लीगच्या टीमकडून तीन सामने खेळली. वरून होबोकनच्या लीगला दम आला की मुलगी काढा नाहीतर मान्यता जाईल. तिला थांबावं लागलं. प्रकरण न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागाकडे गेलं, १९७३ मध्ये तिथल्या सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी कोर्टानेही तो उचलून धरला. मारियाचं वय तोपर्यंत निघून गेलं होतं. लिटल लीगने मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केलं तेही त्याच १९७४ साली, म्हणून आजही टेबलं दोन असतात आणि मुलगी दिसली की बोट आपोआप पलीकडे जातं. २०१४ च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये मोने डेव्हिस या फिलाडेल्फियाच्या मुलीने पिचिंग करून समोरच्या टीमला एकही रन करू दिला नाही. ते व्हिडिओ लेकीला दाखवा, टेबलावरच्या माणसाला नको. त्याला फक्त म्हणा, "बेसबॉलचाच फॉर्म द्या."

जन्मदाखला आणि पत्त्याचे कागद मागतील, कुरकुर न करता द्या. २००१ मध्ये ब्राँक्सच्या टीमचा पिचर बाराऐवजी चौदा वर्षांचा निघाला आणि टीमचे विजय पुसले गेले. २०१४ मध्ये अमेरिकेचं विजेतेपद जिंकलेल्या शिकागोच्या टीममध्ये हद्दीबाहेरची मुलं होती, म्हणून पुढच्या फेब्रुवारीत ते काढून घेतलं. त्यामुळे आठ वर्षांच्या पोरीच्या फॉर्मलाही वीजबिल जोडावं लागतं. वसंताच्या सीझनची नोंदणी पुष्कळ गावांत थंडीतच उरकते, तेव्हा भारतातून आल्यावर लीगची तारीख बघून ठेवा. आणि तिला हातमोजा आताच घेऊन द्या, लहान मापाचा. कातडं मऊ व्हायला हिवाळा जातो.

- ताई